सभेला पटवायचे तर

१७ डिसेंबर १९४६. संविधान सभेचे कामकाज दिल्लीत सुरू होऊन आठच दिवस झाले होते. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे तिच्या सदस्यांच्या जागा रिकाम्या होत्या. पंडित नेहरूंनी १३ तारखेला उद्दिष्टांचा ठराव मांडला होता. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत तो पुढे ढकलावा, अशी उपसूचना बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी दिली होती. स्वातंत्र्य हाताशी आलेले असताना थांबायला सांगणारा माणूस कोणाला आवडणार? जयकरांवर टीका सुरू होती. अशा वेळी अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव पुकारले. बाबासाहेबांना त्याची कल्पना नव्हती. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी आलीच तर उद्या येईल असे वाटले होते, आज काहीच तयारी करून आलेलो नाही, असे त्यांनी उभे राहताच सांगून टाकले. वेळ होता दहा मिनिटांचा.

ज्या सभागृहापुढे ते उभे होते ते त्यांचे नव्हते. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा त्या वर्षीच्या निवडणुकांत पराभव झाला होता. मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याची वाट बंद झाली म्हणून ते बंगालमधून निवडून आले होते. काँग्रेसने आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा कठोर हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तक आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते, आणि समोर बसलेले बहुसंख्य सदस्य त्याच काँग्रेसचे होते. शिवाय त्यांना बाजू मांडायची होती ती जयकरांच्या नावडत्या सूचनेची. वक्त्याची याहून अवघड अवस्था मला सहसा आठवत नाही.

त्यांनी ठरावावरची आपली टीका आधी मांडली. हक्क जाहीर केले, पण हक्क हिरावला गेला तर दाद कुठे मागायची ते सांगितले नाही, अशा हक्कांना अर्थ नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर त्यांनी सूर बदलला. हा देश आज राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या दुभंगलेला आहे, आपण सगळे एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांत विभागलो आहोत आणि अशाच एका छावणीचा बहुधा मीही एक नेता आहे, ही कबुली त्यांनी स्वतःहून दिली. पण एवढे सगळे असूनही हा देश एक होईल, जगातली कोणतीही शक्ती त्याच्या आड येऊ शकणार नाही, अशी आपली खात्री असल्याचे त्यांनी सांगितले. फाळणीची मागणी करणाऱ्यांनाही एक दिवस अखंड देशच बरा वाटेल, असेही ते म्हणाले. मग मूळ मुद्दा आला. ठराव आजच मंजूर करण्याचा या सभेला हक्क आहे का, हा प्रश्नच नाही. हक्क आहेच. प्रश्न आहे तो हक्क आज वापरणे शहाणपणाचे आहे का, हा. वाद मिटवण्याच्या तीन वाटा त्यांनी पुढे ठेवल्या: एकाने शरण जावे, दोघांनी वाटाघाटी कराव्यात किंवा उघड युद्ध करावे. बळाने मिळवलेला विजय टिकत नाही, यासाठी त्यांनी अमेरिकेच्या प्रश्नावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बोललेल्या एडमंड बर्कचा आधार घेतला. बहुमत ज्यांच्या हाती आहे त्यांनीच दोन पावले मागे येण्याचा मोठेपणा दाखवावा, ही त्यांची विनंती होती.

सभागृहाने त्यांना दाद दिली. पुढे ठराव लगेच मताला न टाकता जानेवारीपर्यंत थांबवला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झाला. हे केवळ त्या एका भाषणामुळे घडले असे म्हणता येणार नाही; पडद्यामागे बऱ्याच गोष्टी चालल्या होत्या. पण ज्या माणसाला सभागृह विरोधक समजत होते त्याच्याकडे ते त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहू लागले, एवढे नक्की.

पटवून देण्याच्या कलेविषयीचे हे पुस्तक वाचकाच्या हाती देताना मी या भाषणापासून सुरुवात करतो आहे, कारण या कलेतली तिन्ही बळे त्या काही मिनिटांत एकत्र काम करताना दिसतात. हक्क आणि शहाणपण यांची फारकत हा तर्क. देश एक होईल ही तळमळ, आणि युद्धाच्या वाटेची भीती, ही भावना. आणि ‘मीही एका छावणीचा नेता आहे’ या कबुलीतून मिळवलेला विश्वास. यातला विश्वास सर्वांत महत्त्वाचा, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

या तिघांची नीट मांडणी पहिल्यांदा केली ती ॲरिस्टॉटलने, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात. त्या काळच्या अथेन्समध्ये कोर्टात वकील नसत. ज्याचा खटला त्यानेच उभे राहून बोलायचे. समोर न्यायाधीश म्हणून शेकडो सामान्य नागरिक बसलेले, आणि बोलण्याचा वेळ पाणघड्याळाने मोजला जाई. भांड्यातले पाणी संपले की भाषण संपले. ज्याला बोलणे जमत नसे तो पैसे मोजून भाषण लिहून घेई आणि पाठ करून येई. लिसिअससारखे लोक त्यावर आपला चरितार्थ चालवत. शब्दांवर माणसाची जमीन, इभ्रत आणि कधी कधी प्राणही अवलंबून असे. साहजिकच ही विद्या शिकवणाऱ्यांचे पेव फुटले होते आणि प्लेटोसारख्या विचारवंताला तिचा राग होता. लोकांना हवे ते गोड बोलून भुलवणे याला विद्या म्हणायचे का, हा त्याचा सवाल होता. ॲरिस्टॉटल त्याचाच शिष्य, पण त्याने वेगळी वाट धरली. लोक पटवतात आणि पटवून घेतात, हे तर घडतेच आहे. मग ते कसे घडते याचा शोध का घेऊ नये, अशी त्याची भूमिका होती. ‘ऱ्हेटोरिक’ या त्याच्या ग्रंथाचे तीन भाग आहेत. वक्त्याजवळची साधने त्याने तीन सांगितली: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याची मनःस्थिती आणि खुद्द युक्तिवाद.

चारित्र्याबद्दल त्याने एक गोष्ट आग्रहाने सांगितली आहे, आणि ती सहसा नजरेआड होते. वक्त्यावरचा विश्वास त्याच्या भाषणातूनच निर्माण झाला पाहिजे, लोकांचे त्याच्याबद्दल आधीपासून जे मत आहे त्यातून नव्हे. म्हणजे पदव्या, पद, घराणे, सत्कार यांची यादी सूत्रसंचालकाने कितीही लांब वाचली, तरी ॲरिस्टॉटल ते यात धरत नाही. बोलताना तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत असे तो म्हणतो: या माणसाला विषयाची समज आहे, तो सचोटीचा आहे आणि तो आपले भले इच्छितो. पहिल्या दोन गोष्टी कळायला सोप्या आहेत. तिसरीकडे मात्र आपल्याकडचे वक्ते सर्वांत कमी लक्ष देतात. विषयाचा व्यासंग दांडगा, चारित्र्यावर डाग नाही, आणि तरी सभा त्यांच्या बाजूला वळत नाही, असे कितीतरी विद्वान आपण पाहिले आहेत. त्यांच्या बोलण्यात श्रोत्यांविषयीचा सद्भाव नसतो. आपण अडाणी आहोत असे या माणसाला वाटते, हे श्रोत्याला पहिल्या दोन मिनिटांत कळते आणि तो मनाची दारे लावून घेतो. १७ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकी हीच गोष्ट आधी मिळवली. त्यांच्याविषयीचे सभागृहाचे पूर्वीचे मत त्यांच्या विरोधात होते, तेव्हा विश्वास त्यांना त्या दहा मिनिटांतच घडवायचा होता. कडव्या विरोधकालाही मान्य करावे लागेल असे काहीतरी स्वतःच्या पदरचे त्यांनी दिले. आपण पक्षपाती आहोत, ही कबुली देणाऱ्या माणसाच्या निष्पक्षपणावर लोक अधिक विश्वास ठेवतात.

अर्थात ॲरिस्टॉटलचे हे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करत नाही. महाराष्ट्राला गाडगेबाबा माहीत आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी हातात खराटा घेई. गल्ल्या, गटारांच्या कडा, देवळासमोरचे आवार झाडण्यात दिवस जाई आणि कीर्तन होई ते रात्री. अंगात चिंध्यांचा झगा, डोक्यावर गाडगे. दुपारी ज्याला गावाने झाडताना पाहिले तोच रात्री उभा राहून स्वच्छतेबद्दल बोलतो, तेव्हा त्याला प्रास्ताविकाची गरज उरत नाही. त्यांचे भाषण सकाळीच सुरू झालेले असे, असे म्हटले तर ॲरिस्टॉटलचेही समाधान होईल कदाचित. लाखो रुपयांच्या देणग्यांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र मागून आणलेली भाकरी मातीच्या भांड्यात घेऊन खाल्ली. कर्ज काढून सण करू नका, लग्नावर उधळू नका, मुलाला शाळेत घाला, पोट उपाशी ठेवा पण पोराला शिकवा, हे सगळे ऐकवणारे इतर लोक काय कमी होते? पण ऐकले गेले ते त्यांचे.

त्यांच्या कीर्तनाची रीत पाहण्यासारखी आहे. ते सिद्धान्त सांगत नसत, प्रश्न विचारत. देवाला बोकड लागतो का? देवाने खाल्ला का? मग कोणी खाल्ला? गर्दीतून उत्तरे येत, हशा उसळे, आणि शेवटचे उत्तर देताना श्रोताच निष्कर्षाला पोचलेला असे. ॲरिस्टॉटलने लोकांसमोरच्या युक्तिवादाचे जे रूप वर्णिले आहे ते हेच. तर्कशास्त्राच्या वर्गात प्रत्येक पायरी फळ्यावर मांडावी लागते. सभेत मात्र श्रोत्याला आधीच माहीत असलेली पायरी वगळायची आणि ती त्याला भरू द्यायची. स्वतः भरलेली पायरी तो सहसा नाकारत नाही. अक्षरओळख नसलेला हा माणूस हे कोणत्या गुरूकडून शिकला असेल? लोकांकडूनच.

आपल्याकडच्या शास्त्रांनीही या विषयाकडे पाठ फिरवलेली नाही. नैयायिकांचे पाच अवयवांचे वाक्य प्रसिद्ध आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. यातले मधले उदाहरण मला फार मोलाचे वाटते. नुसता नियम सांगून भागत नाही, श्रोत्याने रोज पाहिलेली एक जागा दाखवावी लागते. त्याहून व्यवहारी ज्ञान चरकसंहितेत आहे, आणि ते वैद्यांसाठी आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत: सलोख्याने केलेली संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्य संभाषा. तोंड उघडण्यापूर्वी समोरची परिषद ओळखा, असे चरक बजावतो. ती जाणत्यांची आहे की अजाणांची? आणि तुमच्याविषयी ती स्नेहाची आहे, उदासीन आहे की आधीच विरोधात जाऊन बसलेली आहे? प्रत्येक सभेत बोलण्याची रीत वेगळी. आणि काही सभांमध्ये वादात पडूच नये, असेही तो सांगतो. आजच्या निवडणूक सल्लागारांना ज्याचे पैसे मिळतात ती श्रोत्यांची विभागणी इथे मौजूद आहे.

आता तर्काविषयी. तर्क म्हणजे आकडे, असा एक समज सध्या बोकाळला आहे. पडद्यावर आलेख आला की मुद्दा सिद्ध झाला असे समजतात. आकडा स्वतः काही सिद्ध करत नाही. कशाशी तुलना केली हे पाहावे लागते. याचा धडा घ्यायचा तर पुन्हा बाबासाहेबांकडेच जावे लागेल, या वेळी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाकडे. संविधान तयार व्हायला फार वेळ लागला, जनतेचा पैसा उधळला गेला, अशी ओरड होती. दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस लागले होते. त्यांनी हा आकडा लपवला नाही, उलट त्यापासूनच सुरुवात केली. मग इतर देश आणले. अमेरिकेच्या परिषदेने काम चार महिन्यांत उरकले. कॅनडाला दोन वर्षे पाच महिने लागले. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. दक्षिण आफ्रिकेला एक. एवढ्यावर थांबले असते तर ऑस्ट्रेलियाशी तुलना करून सुटका करून घेणे सोपे होते. पण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेला आपल्याहून कमी वेळ लागला हे मान्य करून त्यांनी तुलनेचीच तपासणी केली. अमेरिकेच्या संविधानात सात कलमे, दक्षिण आफ्रिकेच्या १५३, आपल्या ३९५. आणि त्या देशांच्या सभांना दुरुस्त्यांचा सामना करावा लागला नव्हता. आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्यांची सूचना आली आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. विरोधी वाटणारा आकडा आपल्याच हाताने पुढे ठेवायचा आणि मग तो का तुलनेला योग्य नाही ते दाखवायचे, यात तर्क आणि विश्वास एकमेकांत विणले जातात. मसुदा समिती नसून ही भरकटलेली समिती आहे, अशी कोटी एका सदस्याने केली होती. तिलाही त्यांनी उत्तर दिले. आमची चूक कळली तेव्हा आम्ही ती मागे घेतली, ते धैर्य दाखवले नसते तर कर्तव्यात कसूर झाली असती, असा त्याचा आशय होता.

आणि श्रेय? मसुद्याचे श्रेय त्यांनी बी. एन. राव यांना दिले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिले, काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला दिले आणि सतत आडवे येणाऱ्या सदस्यांनाही दिले, कारण त्यांच्यामुळे तत्त्वांची चर्चा झाली. त्यानंतरच भाषण भविष्याकडे वळले. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता, ही भेदक चेतावणी तिथे येते. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही तिथलाच. आज हे उतारे सुटे करून सगळीकडे वापरले जातात. पण आकड्यांची, कबुलीची आणि कृतज्ञतेची ती लांब वाट न चालता ते थेट बोलले गेले असते, तर सभागृहाने ते तेवढ्या गांभीर्याने घेतले असते का, हा प्रश्न हे भाषण सलग वाचणाऱ्याने स्वतःला विचारून पाहावा.

तर्क श्रोत्याच्या डोळ्यांपुढे ठेवण्याचे एक वेगळे उदाहरण नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. पाऊस कमी, जमीन खडकाळ, माणसे रोजगारासाठी बाहेर पडलेली. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने जे केले त्यात पाण्याचा ताळेबंद ही सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. पाऊस किती पडला ते पर्जन्यमापकावर मोजायचे, विहिरींची पातळी पाहायची, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. ऊस आणि केळी नकोत, शेतीसाठी बोअर नको, हा निर्णय वरून आलेला नाही. बेरीज-वजाबाकी सगळ्यांसमोर झाली आहे. उसाचा मोह असलेल्या शेतकऱ्याला ‘समाजाचा विचार करा’ असे सांगून तो ऐकत नाही. फळ्यावरच्या वजाबाकीत शेजाऱ्याच्या घरचे पिण्याचे पाणी कमी होताना दिसले, तर त्याला नाही म्हणणे अवघड जाते. त्या वजाबाकीत भावनाही आहे, आणि तिच्यासाठी वेगळा शब्द वापरावा लागत नाही.

भावनेविषयी शहाण्यासुरत्या लोकांच्या मनात एक अढी असते. भावनेला हात घालणे म्हणजे फसवणूक, असे त्यांना वाटते. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचा दुसरा भाग त्यांनी वाचावा. राग, भीती, लाज, करुणा, असूया, ईर्ष्या यांचे त्याने केलेले विश्लेषण मानसशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असे आहे. राग समजून घ्यायचा तर तीन गोष्टी पाहा, असे तो सांगतो: रागावलेल्या माणसाची मनःस्थिती कशी असते, तो कोणावर रागावतो आणि कशामुळे. म्हणजे भावनेला कारण असते. ते खरे असेल तर भावना जागी करणे हा सत्य सांगण्याचाच भाग आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात संताप आहे, पण तो हिशेबाच्या पाठीवर बसून येतो. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो. तो खर्च होतो उच्चवर्गीयांच्या उच्च शिक्षणावर. आणि ज्याच्या घामाचा पैसा, त्याची मुले शाळेबाहेर. म्हणून किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी समाजातून तयार करा. बोलणारा माणूसही कोण? स्वतः शेती आणि व्यापार करणारा, पुण्याच्या नगरपालिकेचा सदस्य, १८४८ पासून शाळा चालवलेला. त्यांनी आपल्या अनुभवाची मर्यादाही सांगितली आहे: तो पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. पुढे १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि भरजरी पोशाखातल्या पाहुण्यांवरून हिंदुस्थानची पारख करू नका, असे राजपुत्राला सांगितले. तो वेष म्हणजे देखावा नव्हता. त्याच्यामागे आयुष्य होते, म्हणून तो युक्तिवाद झाला.

खोट्या कारणावर उभी केलेली भावना ही मात्र विषाची परीक्षा. आणि ती आज आपल्या हातातल्या मोबाइलवर चोवीस तास येत असते. मूल पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने २०१८ साली धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती भिक्षेकरी, भटक्या समाजातली माणसे होती. जमावाची भीती खरी होती, कारण खोटे होते. पटवण्याच्या कलेचे पुस्तक लिहिताना ही पाच माणसे विसरून चालत नाही. म्हणूनच या पुस्तकात बोलणाऱ्याइतकीच जागा ऐकणाऱ्यालाही दिली आहे: कोण सांगतो आहे, त्याला कसे कळले, त्याचा यात काय लाभ आहे आणि हे ऐकून मला नेमका कोणाचा राग येतो आहे, हे विचारायला शिकणे म्हणजे याच विद्येची दुसरी बाजू.

विश्वास गमावला तर काय होते आणि तो परत मिळतो का? नामदार गोखल्यांचे आयुष्य याचे उत्तर देते. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी चालवलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना आली आणि त्यांच्या आधारे त्यांनी तिथे स्त्रियांवरील अत्याचाराचा जाहीर आरोप केला. परत आल्यावर तो सिद्ध करता येईना; पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. एकतिशीतल्या गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटे ठरवले, स्वकीयांनी भेकड म्हटले. माणूस सार्वजनिक जीवनातून उठला असता. त्यांनी काय केले? अंदाजपत्रके वाचली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे मंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की तिजोरीतली शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नसून गरजेपेक्षा जड कर लादल्याचा पुरावा आहे. दुसऱ्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. त्यानंतर गोखले बोलायला उभे राहिले की सरकारी बाके कागद सावरून बसत, कारण हा माणूस आकडा चुकत नाही हे त्यांना कळून चुकले होते. पुराव्याशिवाय बोललेले एक वाक्य पुसायला वर्षानुवर्षांची पुराव्याची वाक्ये लागली.

पुस्तकाची रचना कशी आहे ते थोडक्यात. पहिल्या भागात भाषणे आहेत, प्रत्येकासोबत ती कोणत्या सभेपुढे झाली याची माहिती. सभा माहीत नसताना भाषण वाचणे मला निरर्थक वाटते. दुसरा भाग सरावाचा. वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसताना मला एकच गोष्ट सारखी खटकत आली आहे: मुले पाठ केलेल्या आवेशाने बोलतात, हात कुठे उचलायचा आणि आवाज कुठे कापरा करायचा हे शिकवलेले असते, पण समोरच्याच्या मनात कोणता आक्षेप आहे याचा विचार कोणी करून आलेले नसते. म्हणून इथल्या प्रत्येक सरावाची पहिली पायरी तीच आहे. विरोधकाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधी लिहा, त्याला वाचून दाखवा आणि त्याने मान डोलावल्यावरच आपले भाषण लिहायला घ्या. ग्रामसभेत दारूचे दुकान बंद करण्यासाठी बाटली आडवी करायला निघालेल्या बायकांना, सोसायटीच्या सभेत हिशेब मागणाऱ्याला, सर्पदंशाच्या रोग्याला मांत्रिकाऐवजी दवाखान्यात न्यायला घरच्यांना तयार करणाऱ्या आरोग्यसेविकेला हा सराव उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे. त्या आरोग्यसेविकेकडे बहुधा पाच मिनिटेही नसतात.

तिसरा भाग हरलेल्या भाषणांचा आहे, आणि तो घ्यायचा माझा आग्रह होता. लोकमान्य टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आपली बाजू स्वतः मांडली. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय होते. त्या सातांनी त्यांना दोषी ठरवले, दोन पारशी सदस्यांनी निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा झाली. चरकाच्या भाषेत ती आधीच विरोधात बसलेली परिषद होती, आणि टिळकांना ते कळत नव्हते असे नाही. ते कोर्टाबाहेरच्या सभेशी बोलत होते. गोखल्यांच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचेही तसेच. मार्च १९११ मध्ये त्यांनी ते मांडले. किती सावधपणे मांडले होते! सक्ती सुरुवातीला फक्त मुलग्यांसाठी, फक्त सहा ते दहा वर्षांच्या वयात, आणि तीही स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच. सरकारचा प्रत्येक आक्षेप त्यांनी आधीच हेरून विधेयकात त्याचे उत्तर घालून ठेवले होते. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. हे विधेयक आज फेटाळले जाणार, हे आपल्याला ठाऊक आहे, असे सांगूनच त्यांनी बाजू मांडली. बाजूने तेरा मते पडली, विरोधात अडतीस. १९१५ साली गोखले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या शिक्षणहक्काचा कायदा संसदेने २००९ मध्ये केला. गोखल्यांचे ते भाषण या पुस्तकात पूर्ण दिले आहे. वाचकाने ते विरोधात मत देणाऱ्या अडतीस जणांपैकी एक होऊन वाचावे.